भिंतीवरची डबी आणि ताईची बाई

डबीकाका कुणाच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेले, की आधी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नाहीत. घरचा माणूस काकुळतीला येऊन सांगत असतो की सकाळपासून काही म्हणजे काही उघडत नाहीये, आणि हे मान वर करून भिंती न्याहाळत असतात. डबी कुठे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. डबी म्हणजे राऊटर, बाहेरून तारेने आलेलं इंटरनेट घरभर वाटणारी, हिरवे दिवे लुकलुकवणारी चपटी पेटी. ती सापडली, शर्टाच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसून झाली, की मगच काका बूड टेकतात. वस्तीतल्या पोरांनी त्यांचं नाव डबीकाका पाडलं ते यावरूनच, आणि काकांनाही ते मनापासून आवडलं. नाहीतरी तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार करून निवृत्त झालेल्या लाइनमनला कोण कशाला लक्षात ठेवतंय?

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या डबीभोवती फिरायचं. घराला एक दार, दारात एक पहारेकरी, तो म्हणजे डबी. घरातल्या कुणी बाहेर काही मागितलं, तर त्याचं उत्तर तेवढं ती आत घेते. न बोलावता कुणी बाहेरून आत शिरू पाहिलं, तर तिथल्या तिथे परत पाठवते, आणि तेही कुणाला कळू न देता. मग प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आणखी एक फायरवॉल कशाला, असं काका विचारायचे. त्यांच्या मते ती म्हणजे खोलीखोलीच्या उंबऱ्यावर बसवलेला चोंबडा शिपाई. हा प्रोग्रॅम बाहेर जातोय, जाऊ देऊ का? तो प्रिंटर आत येतोय, येऊ देऊ का? ज्याला विचारतो त्या बिचाऱ्याला प्रिंटर म्हणजे काय हेच धड ठाऊक नसतं. शिवाय निम्म्या घरांत छपाई अडते ती या शिपायापायीच. काका दोन बटणं दाबायचे, शिपाई घरी जायचा, प्रिंटर सुरसुरत पान बाहेर टाकायचा, आणि घरची मंडळी काकांकडे कौतुकाने बघायची. अशी त्रेचाळीस घरं झाली होती.

एकदाच कुणीतरी आडवा प्रश्न विचारला होता. तिसऱ्या इमारतीतले गणिताचे निवृत्त सर म्हणाले, की काका, चोर दारातून न येता आधीच आत असेल तर तुमची डबी काय करणार? काकांनी तेवढ्याच गांभीर्याने विचारलं, की सर, घरात तुम्ही आणि मॅडम दोघंच, पैकी तुमचा संशय कुणावर आहे? मॅडम हसून हसून लाल झाल्या. हा किस्सा काकांनी पुढे दहा घरांत मीठमसाला लावून सांगितला. सरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं.

डबीकाकांची एक थोरली बहीण आहे. पुढच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत एकटी राहते. ताई जन्मापासून आंधळी. तिच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, पण त्याला पडदा, म्हणजे मॉनिटर, नाही, कारण तो तिच्या काय कामाचा? काका येताना आपला जुना पडदा बगलेत मारून आणतात आणि जाताना घेऊन जातात. ताईचं काम चालतं ते आवाजावर. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम आहे, तो लिहिलेलं सगळं एका बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. ताई त्या आवाजाला ‘बाई’च म्हणते, आणि त्या बाईला तिने इतकं पळवलंय, की दुसऱ्या कुणाला ते बोलणं म्हणजे पत्र्यावर सांडलेले वाटाणे वाटतात. ताईला त्यातला स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो.

ताई अंधांच्या शाळेसाठी पुस्तकं तयार करते. त्या वर्षी आठवीच्या विज्ञानाचं पुस्तक हाती होतं. धड्यांचा मजकूर ब्रेलमध्ये उतरवणं हे काम हल्ली कॉम्प्युटर करतो, खरी गोम आकृत्यांत होती. पुस्तकात शहाण्णव आकृत्या. डोळस मुलाला आकृती दाखवली की झालं, पण ज्याने रेघ कधी पाहिली नाही त्याला हृदयाचे कप्पे कसे सांगायचे? शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका फोनवर ताईला आकृती समजावून सांगायच्या. मग ताई त्या आकृतीशी दोन दोन दिवस झटायची आणि बोटांना कळेल अशा शब्दांत ती लिहायची. एका आकृतीला दहा ओळी, एखादीला दीड पान. ही वर्णनं कुठल्याच पुस्तकात नव्हती, फक्त ताईच्या कॉम्प्युटरमध्ये होती. वर्गात आठ मुली होत्या आणि शाळा उघडायला सहा आठवडे उरले होते. मुली पुस्तकाशिवाय बसल्या तर काय होतं, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. तिची सगळी शाळा तशीच झाली होती. धाकटा भाऊ वाचून दाखवील तेवढा तिचा अभ्यास.

आता ताईच्या त्या शिपायाची गोष्ट. तिच्या कॉम्प्युटरमधली फायरवॉल अधूनमधून परवानगी मागायची, आणि ते मागणं वाचून दाखवायचं कामही बाईचंच. त्यामुळे बाई फुफ्फुसाबद्दल बोलता बोलता मध्येच थांबायची आणि त्याच सपाट सुरात म्हणायची, परवानगी द्यायची की नाकारायची? तोवर ताईची बोटं पुढे गेलेली असत. शब्द संपला म्हणून तिने दाबलेली कीबोर्डवरची पट्टी नेमकी त्या प्रश्नाचं उत्तर ठरायची, आणि आपण कशाला हो म्हटलं हे तिला कळायचंही नाही. एक दिवस वैतागून तिने भावाला बोलावलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की प्रश्न विचारताना आधी टिंग वाजव, म्हणजे मी हात थांबवीन. काकांनी टिंगच्या भानगडीत न पडता फायरवॉलच बंद करून टाकली. ताईने विचारलं, मग आता मला कोण विचारणार? काका म्हणाले, कुणी विचारायची गरजच नाही, डबी आहे ना. ताई काहीतरी बोलणार होती, पण काकांनी पडदा बगलेत मारला होता.

हे घडलं आणि बरोबर अकराव्या दिवशी, एका मंगळवारी, काका सकाळी एका फोटो स्टुडिओत गेले. तिथले तीन कॉम्प्युटर कुथत होते. काकांनी आपला लॅपटॉप काढून त्यांच्या वायफायला जोडला, काही फायली इकडच्या तिकडे केल्या, डबी झटकली, आणि जमेल तेवढं करून निघाले. काकांच्या लॅपटॉपवरची फायरवॉल बंद होती हे वेगळं सांगायला नकोच, स्वतःच्याच घरात शिपाई ठेवायला ते काय वेडे होते? दुपारी ताईच्या ब्रेलच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून ते तिच्याकडे गेले. लॅपटॉप तिच्या वायफायला जोडला, जाड कागदाची गुंडाळी चिमट्याने ओढून काढली, ताईच्या हातचा चहा प्यायले, स्टुडिओवाल्याची नक्कल करून तिला हसवलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. आवाज शांत होता, पण काकांनी बहिणीचा तो आवाज आयुष्यात दोनदाच ऐकला होता. ती म्हणाली, बाई काहीतरी वेगळंच वाचतेय, तू ये.

काका धापा टाकत पोचले. ताईने पट्टी दाबली आणि बाईने वाचायला सुरुवात केली, काकांसाठी मुद्दाम हळू केलेल्या वेगात. तुमच्या सर्व फायली कुलूपबंद करण्यात आल्या आहेत. किल्ली हवी असल्यास पैसे पाठवा. जो आवाज काल प्रकाशाचं परावर्तन समजावत होता, तोच, त्याच सुरात. ताई हात मांडीवर ठेवून बसली होती. काकांनी पडदा जोडला. शहाण्णवच्या शहाण्णव फायली नावापुरत्या उरल्या होत्या, आत नुसता कचरा. नक्कल ठेवायची म्हणून काकांनीच आणून दिलेली बाहेरची डिस्कही तशीच. ती नेहमी जोडलेलीच ठेव, म्हणजे तुला त्रास नको, असंही काकांनीच सांगितलं होतं.

सवयीप्रमाणे ते डबीकडे गेले. डबीचे दिवे हिरवेगार. तिची नोंदवही उघडून पाहिली, तर बाहेरून काहीही आत आलेलं नव्हतं. डबीने आपलं काम चोख केलं होतं. मग काकांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून उघडला, आणि त्यावर तीच चिठ्ठी. आदल्या दिवशी दुपारपासून तो पिशवीतच होता. काकांनी दोन्हीकडच्या नोंदींतल्या वेळा पाहिल्या. चोर स्टुडिओत लॅपटॉपमध्ये शिरला होता अकराच्या सुमाराला. ताईच्या कॉम्प्युटरमध्ये तो पोचला तीन वाजून दहा मिनिटांनी. तीन दहाला काका त्याच खुर्चीत बसून स्टुडिओवाल्याची नक्कल करत होते.

चोराला त्यांनी स्वतःच्या हाताने, पिशवीत घालून, डबीसमोरून आत आणलं होतं, आणि आत गेल्यावर त्याला अडवणारा एकुलता एक शिपाई त्यांनीच अकरा दिवस आधी घरी पाठवला होता.

“कुठून आलं?” ताईने विचारलं.

“बाहेरून,” काका म्हणाले.

“डबी असताना?”

“हल्ली काही सांगता येत नाही, ताई.”

हे तसं खोटं नव्हतं. पण खरं लपवायला एवढं पुरतं, हे काकांना लहानपणापासून माहीत होतं.

ताई रडत बसणाऱ्यांतली नाही. तिने कपाट उघडून जाड कागदांचा एक गठ्ठा टेबलावर आदळला. बोटांनी तपासता यावं म्हणून ती आकृत्यांची वर्णनं अधूनमधून छापत असे. मोजली तर एकसष्ट निघाली. पस्तीस गेली होती. कॉम्प्युटर पुसून कोरा करायला काकांना दीड दिवस लागला. पैसे वगैरे पाठवायचे नाहीत, हे ताईने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मग रोज सकाळी नऊला दोघं बसायला लागली. ताई टिंबांवरून बोटं फिरवत वाचायची, काका दोन बोटांनी टाइप करायचे. एरवी काकांचा पाय बहिणीच्या घरात पाऊण तासाच्या वर टिकत नसे. आता त्यांना बायको डबा देऊन पाठवायला लागली.

एकसष्ट संपायला दोन आठवडे गेले. उरलेल्या पस्तिसांसाठी शिक्षिका मिळेनात, सुट्टीत त्या कुठे दूर आजारी आईपाशी गेल्या होत्या. तेव्हा पुस्तक काकांनी समोर धरायचं, आकृती सांगायची, आणि ताईने लिहायची, असं ठरलं. पहिल्या दोन आकृत्यांत काकांनी घाम पुसला. ताई प्रश्न विचारून पिच्छा पुरवायची. वर म्हणजे माझ्या कपाळाकडे की पुस्तकाच्या माथ्याकडे? जाड म्हणजे दोरीएवढं की बोटाएवढं? काकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपण बघतो ते सगळं बघत नाही.

चौथ्या दिवशी माणसाच्या डोळ्याची आकृती आली. काकांनी बुबुळ सांगितलं, भिंग सांगितलं, मागचा पडदा सांगितला. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि पोटात कावळे ओरडत होते.

“बाकी काही विशेष नाही,” ते म्हणाले.

ताईची बोटं पट्ट्यांवर थांबली.

“विशेष नाही, म्हणजे काय आहे?”

काकांनी पुन्हा पाहिलं. मागून मेंदूकडे जाणारी नस राहिली होती. ती जिथे डोळ्याला चिकटते तिथे एक बारीक गोल होता, त्याच्या नावासकट.

“तू चौथीत असताना मला नदीचा धडा वाचून दाखवला होतास,” ताई म्हणाली. “दोन पानं वाचलीस आणि म्हणालास, संपला. खाली तुझे मित्र हाका मारत होते.”

काकांनी पुस्तकातून डोळे वर केले.

“तिसऱ्या पानावर धरण होतं. परीक्षेत धरणावरच प्रश्न आला. वर्गातल्या बाईंना वाटलं, मी अभ्यास केला नाही.”

“तुला माहीत होतं?”

“पान उलटल्याचा आवाज येतो रे, छोटू. दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. आंधळी होते, बहिरी नव्हते.”

सहा फूट उंचीचा, एकसष्ट वर्षांचा हा छोटू पुस्तक मांडीवर पालथं घालून बसला. बावन्न वर्षं बहिणीने हे पोटात ठेवलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही, याची त्याला इतकी लाज वाटली, की स्टुडिओ, पिशवी, तीन वाजून दहा मिनिटं, सगळं त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. काहीही न गाळता. फायरवॉल आपण बंद केली नसती, तर आपला लॅपटॉप शेजारी येऊनही चोराला ताईच्या कॉम्प्युटरने आत घेतलं नसतं, हेही सांगितलं. डिस्कचं सांगितलं. बाहेरून म्हटलं ते मुद्दाम म्हटलं, हेही.

ताई म्हणाली, “लॅपटॉपचं मला काही वाटत नाही. लागण कुणालाही होते. पण मी टिंग मागितली होती.”

“हो.”

“तू मला टिंग दिली नाहीस. तू ठरवलंस, की हिला विचारायचंच कशाला.”

ताईने पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि म्हणाली, नस कुठून निघते ते सांग. त्या दिवशी दोघं अडीचला जेवली.

दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी तीननंतर वस्तीत फिरायला लागले. पुन्हा तीच त्रेचाळीस घरं. या वेळी मात्र डबीकडे न बघता सरळ कॉम्प्युटरपाशी जायचे आणि आधी सांगायचे, की मी तुमची फायरवॉल बंद केली होती, ती माझी चूक झाली. डबी हवीच, तिच्याशिवाय उघड्यावर राहण्यासारखं आहे. पण डबीला फक्त बाहेरचे दिसतात. घरातलाच एखादा लॅपटॉप चार ठिकाणी फिरून लागण घेऊन आला, तर बाकीच्यांना सांभाळणारं त्यांचं त्यांचंच कुणीतरी हवं. काही घरांत लोकांनी मान डोलावून दार लावलं. एका काकूंनी चांगलं फैलावर घेतलं, आणि काकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. स्टुडिओवाला उलट त्यांच्यावरच डाफरला. गणिताच्या सरांकडे जायचं काकांनी शेवटी ठेवलं होतं. सरांनी सगळं ऐकलं, आणि मॅडमना हाक मारून सांगितलं, की अगं, काकांना चोर सापडला. एवढंच. मग त्यांनी स्वतःच प्रिंटरचं माहितीपुस्तक शोधून काढलं, आणि फायरवॉल चालू ठेवून छपाई कशी होते ते दोघांनी तासभर बसून जमवलं. जमतं, असं काकांना कळलं. इतकी वर्षं ते हे तासाभराचं काम दोन बटणांत उरकत आले होते.

शाळा उघडली त्या दिवशी आठ मुलींच्या हाती पुस्तक पडलं. दोन धडे मात्र त्यात नव्हते. ते तीन आठवड्यांनी वेगळे बांधून गेले आणि त्याचं ताईला अजून वाईट वाटतं. डोळ्याचा धडा पहिल्या खेपेलाच गेला.

ताईच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल परत चालू करायचा दिवस आला, तेव्हा काकांनी टिंग बसवली. अर्धा दिवस खपून, पण बसवली. आधी टिंग, मग दोन क्षण शांतता, मग बाईचा प्रश्न, आणि ताई दोन पट्ट्या एकत्र दाबेपर्यंत काहीही मान्य होत नाही. नंतर कुणाला आत येऊ द्यायचं याची यादी करायची होती. पूर्वी काकांनी ती स्वतःच्या मनाने भरली असती. आता एकेक नाव वाचलं, तो काय करतो ते सांगितलं, ताई हो म्हणेल तर हो, नाही म्हणेल तर नाही. अडतीस नावं झाली. अडतिसावं नाव काकांच्याच नव्या लॅपटॉपचं होतं, आणि ते वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

“याला कायमचं हो म्हणायचं, कायमचं नाही म्हणायचं, की दर वेळी विचारायचं?” त्यांनी विचारलं.

“दर वेळी,” ताई म्हणाली.

आता काका तिच्याकडे गेले आणि लॅपटॉप जोडला, की टिंग होते. बाई तिच्या सपाट सुरात म्हणते, छोटू यांचा लॅपटॉप आत येऊ इच्छितो, परवानगी द्यायची की नाकारायची? ताईचं वाक्य अर्धवट असतं. ती ते पुरं करते, पूर्णविराम देते, कधी आणखी एक ओळही लिहिते. काका पडदा बगलेत धरून दाराशी उभे असतात, आणि ती हो म्हणेपर्यंत खुर्चीला हात लावत नाहीत.